सोळा बिटांची भिंत

अन्वरला आज नुझहाला मागणी घालायला जायचं होतं आणि नेमका आजच त्याचा जुना लॅपटॉप रुसला होता. मोरोक्कोतल्या निळ्या घरांच्या शेफशावनमध्ये मागणीला साखरेच्या ढेपा, दूध आणि खजूर नेतात. पण फोटो स्टुडिओवाला नुसती साखर घेऊन गेला तर शोभेल का? त्याने मुलीच्या गल्लीचा भिंतभर फोटो छापून न्यायचं ठरवलं होतं.

फोटो होता सोळा बिटांत, म्हणजे एकेका रंगाच्या हजारो छटा जपलेल्या. फाइल इतकी अवजड की छपाईला पाठवायला घेतली की लॅपटॉप आचके द्यायचा. शेवटी एकच पर्याय उरला. आठ बिटांची रंगसूची, अख्ख्या फोटोला सगळे मिळून दोनशे छप्पन्न रंग. अन्वर घुटमळला. मागे त्याची आई लल्ला शामा नवा कफ्तान घालून तासभर आधीच तयार होऊन बसली होती.

"अरे, अख्खी गल्ली निळी," ती म्हणाली. "एका रंगाला दोनशे छप्पन्न खोल्या पुरत नाहीत होय? तुझ्या बापाने सहा पोरं दोन खोल्यांत वाढवली."

अन्वरला पटलं. फोटो छापून आला तेव्हा तर तो आनंदाने नाचायचाच बाकी होता.

मुलीचे वडील हाज तुहामी दारातच सामोरे आले. आत शेजारच्या हाजा रुकिया आधीच लोडाला टेकल्या होत्या. गल्लीतलं वडीलधारं माणूस, टाळता येत नाही. दोघांच्या घरांची भिंत एक आणि भांडण बारा वर्षांचं. दरसाल रमजानआधी सगळे घरं रंगवतात. तेव्हा तुहामींचा निळा कुठे संपतो आणि रुकियांचा कुठे सुरू होतो, हा तो वाद. तुहामींचा निळा किंचित फिका. पाहुण्याला फरक कळणार नाही, पण गल्लीतलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल.

फोटोवरचं कापड निघालं. वाहवा झाली. आणि मग सगळे फोटोजवळ वाकले. आठ बिटांनी जवळजवळचे निळे एकात कालवून टाकले होते. मधली रेघ गायब!

"बघा, यंत्रालाही कळतं," हाजा रुकिया शांतपणे म्हणाल्या. "भिंत सगळी माझीच."

तुहामी लालबुंद झाले. ते लल्ला शामाकडे वळले. "ज्याला दोन निळे वेगळे दिसत नाहीत, त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची, बाई?"

दारात चहाची किटली घेऊन उभी असलेली नुझहा डोळे मोठे करून अन्वरला काहीतरी कर म्हणून खुणावत होती. तो धावत घरी गेला, लॅपटॉप घेऊन आला आणि मूळ फोटो उघडला. सात मिनिटं लागली, पण रेघ दिसली. तुहामींची कळी खुलली. त्यांनी अन्वरची पाठ थोपटली.

इथे गप्प बसला असता तर तो अन्वर कसला? कौतुकाने त्याला चेव आला. सोळा बिटांत सावलीतलंसुद्धा सगळं टिकतं, असं सांगत त्याने भिंतीचा अंधारा भाग उजळवला. फिक्या निळ्याखालून रुकियांचा जुना गडद निळा हळूहळू वर आला, तुहामींच्या रेघेच्या चांगला वीतभर आत. बारा वर्षं हाजसाहेबांचा कुंचला दरसाल बोटभर सरकत होता तर!

लल्ला शामाने कपाळावर हात मारला. हाजा रुकिया मात्र भांडल्या नाहीत. त्या तिच्याजवळ सरकल्या आणि मुलाचं वय विचारू लागल्या.

"माझी एक भाची आहे तेतुआनला," त्या म्हणाल्या. "असा डोळस मुलगा आमच्या घरात हवाच."

तुहामी इतक्या चपळाईने उठलेले कुणी पाहिले नव्हते.

"भाची राहू दे. मुलगा आमचा आहे. आणि घरचा माणूस घरच्या भिंतीबद्दल बाहेर बोलत नसतो. हात वर करा, फातिहा म्हणून सोयरीक पक्की करू."

चहा ओतायच्या आत सोयरीक झाली. अन्वर लॅपटॉप मिटायला लागला, तेवढ्यात त्याच्यासमोर पेला ठेवायला नुझहा वाकली.

"एवढ्यात मिटू नकोस," ती वडिलांकडे बघत हळूच म्हणाली. "लग्नाची तारीख अजून ठरायचीय."