नाव लावण्यापूर्वी हिरेमठ सरांना भेटा

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी हिरेमठ सरांच्या खोलीत गेलो, तेव्हा ती त्यांनी हातात लाल पेन्सिल घेऊनच वाचायला सुरुवात केली. वधूवरांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, इथवर सगळं ठीक चाललं होतं. तळाशी आल्यावर पेन्सिल थांबली. तिथं छापलं होतं, 'आमच्या काकांच्या लग्नाला नक्की यायचं हं!' आणि खाली नाव होतं चि. पिंटू.

"माने, हे पिंटू कोण?"

"माझा पुतण्या, सर."

"बोलतो?"

"छे हो सर, अजून बसतसुद्धा नाही."

"मग हे वाक्य लिहिलं कुणी?"

"ते छापखान्यात तयारच असतं, सर."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे ज्यानं लिहिलं त्याचं नाव नाही, आणि ज्याचं नाव आहे त्याला लिहिता येत नाही. लई झकास आहे की!"

लग्नाला ते आले. पण आधी माझ्याकडं आले नाहीत. मांडवात विचारत विचारत माझ्या आईपर्यंत पोचले, तिच्या मांडीवरच्या पिंटूसमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आपलं आमंत्रण मिळालं, म्हणून आलो." पिंटूनं भोकाड पसरलं. आजूबाजूच्यांना वाटलं, म्हातारा मिश्कील दिसतोय. पण सर मिश्कीलपणा करत नव्हते. ज्यानं बोलावलं त्याला भेटून ते रीतसर वागले होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आमचा सामाजिक आरोग्याचा विभाग होता. मी तिथं नवा लेक्चरर, आणि सर प्राध्यापक. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरायचे आणि राग आला की तिथंच मुक्काम करायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा बुशशर्ट आणि सायकल. आमचा विभाग एक त्रैमासिक काढायचा. गावात दवाखाना कुठं असावा, पाण्याची सोय कशी व्हावी, दाईंना शिक्षण कसं द्यावं, सरकारनं आरोग्यासाठी आधी काय करावं, असल्या विषयांवरचे लेख त्यात यायचे. सर त्याचे संपादक होते. वाचणारे फार नव्हते, पण सर ते असं चालवायचे, की जणू दिल्लीचं सगळं आरोग्य खातं पुढच्या अंकाची वाट बघत ताटकळलंय.

लेख आला की सर पहिल्यांदा नावं वाचायचे. लेख नंतर. चार पानांच्या लेखावर सहा सहा डॉक्टरांची नावं असायची. सर एकेकाला बोलावून एकच प्रश्न विचारायचे, "यात तुमचा हात कुठं?" चोरीच्या तपासाला आलेला फौजदार विचारतो, त्याच सुरात. कुणी म्हणायचा, मी गावोगाव हिंडून माहिती गोळा केली. कुणी म्हणायचा, तक्ते मी केले. ही माणसं पास. एकदा एक बडे डॉक्टर म्हणाले, "मी प्रोत्साहन दिलं."

"प्रोत्साहन माझी बायकोही देते," सर म्हणाले. "रोज सकाळी. उठा म्हणून."

डॉक्टरांचं नाव गेलं.

एका गृहस्थांनी मंगळवेढ्याकडच्या गावांवर लेख पाठवला. भाषा इतकी सुंदर, की मला हेवा वाटला. सरांना संशय आला. वाचता वाचता ते मोठ्यानं हसायला लागले आणि मला हाक मारली. लेखात म्हटलं होतं, की हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद होत असल्यामुळं गावकरी दवाखान्यापर्यंत पोचू शकत नाहीत. सरांनी लेख परत पाठवताना समासात एवढंच लिहिलं, 'मंगळवेढ्यात बर्फ पडेल तेव्हा जरूर छापू.'

दुसऱ्या एकानं एकच लेख एकाच वेळी आमच्याकडं आणि पुण्याच्या एका मासिकाकडं पाठवला. आधी जो छापेल तो आपला, असा हिशेब. सरांनी त्याला समोर बसवलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "हे बघा, कुर्डुवाडीच्या फलाटावर एक पाय पुण्याच्या गाडीत आणि दुसरा पंढरपूरच्या गाडीत ठेवता येतो. गाड्या उभ्या आहेत तोवर. पुढं काय होतं, ते तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला सांगायला नको." त्या माणसानं तिथंच लेख मागं घेतला. कुठनं मागं घेतला, ते विचारायचं राहिलं.

लोक सरांच्या मागं हसायचे. ते स्वतःही कधी आपलं नाव कशावर लावू द्यायचे नाहीत. आमच्या लेखात त्यांनी वाक्यंच्या वाक्यं दुरुस्त करून दिलेली असायची. पण नाव लावू का म्हटलं, की हात झटकून म्हणायचे, "बेडा, बेडा." बेडा म्हणजे नको. "दुरुस्ती हे माझं काम आहे. पोस्टमन पत्रावर सही करतो का?"

मग माझी पाळी आली. उजनी धरणामुळं काही गावं जागची उठून वर नव्या जागेला वसली होती. तिथल्या बाया बाळंतपणाला कुठं जातात, आणि दवाखाना कुठं असला तर त्या खरोखर जातील, यावर मी वर्षभर हिंडून लेख लिहिला होता. ऊस तुडवत, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, कधी होडीतनं. लेख टाईप होऊन आला तो वर एक जादा नाव घेऊन. पहिलं नाव डीनसाहेबांचं, दुसरं माझं.

मी टायपिस्टला विचारलं. तो म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं की."

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि तो कागद डीनसाहेबांच्याच टेबलावर होता. मी तोंड पाडून सरांकडं गेलो. त्यांनी पहिलं पान पाहिलं, सायकलची क्लिप पँटला लावली, मग कुठं जायचंय ते आठवून ती परत काढली आणि म्हणाले, "चला."

डीनसाहेब खुशीत होते. "या हिरेमठ! मानेंचा लेख बघितलात? छान काम झालंय आमचं."

"हो साहेब. म्हणूनच आलो. यात आपला हात कुठं?"

मी खिडकीतनं बाहेर बघू लागलो.

"हात म्हणजे? अहो, जीप कुणी दिली?"

"जीप एकदा दिली आणि ती टेंभुर्णीच्या अलीकडं बंद पडली. पण दिली, हे खरं. आभारात घालू. 'जीपबद्दल डीनसाहेबांचे आभार.'"

"माझं नाव जीपबरोबर?"

"मग ढकलणाऱ्यांबरोबर घालू का? त्यांचेही आभार आहेतच."

डीनसाहेबांचा चेहरा लाल झाला. "हिरेमठ, मी या संस्थेचा प्रमुख आहे."

"आहात की. ते कोण नाही म्हणतंय?" सर अगदी शांतपणे म्हणाले. "पण साहेब, उद्या या लेखावरनं सरकारनं तिथं दवाखाना बांधला आणि जागा चुकली, तर एखादी बाई वाटेतच बाळंत होईल. मग कुणीतरी विचारायला येईल, हे कुणी सांगितलं? तेव्हा उत्तर देणारं माणूस पाहिजे. माने देऊ शकतात. त्यांनी त्या बाया बघितल्यात. तुम्ही काय सांगाल?"



लेख माझ्या एकट्याच्या नावानं छापून आला. माझी नोकरीही पुढं कायम झाली. डीनसाहेबांनी राग काढला तो सरांवर. त्या अंकानंतर त्रैमासिकाला नवा संपादक मिळाला आणि त्याच्या पहिल्याच अंकात लेख थोडे आणि लेखक पुष्कळ झाले.

मला फार लागून राहिलं. एका रविवारी मी सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो. सर अंगणात उगाचच सायकल पुसत होते. गंगाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा आणला. मी म्हटलं, "अक्का, माझ्यापायी सरांचं संपादकपद गेलं."

"तुमच्यापायी काय न्हाय," अक्का म्हणाल्या. "ह्यांनी पोटच्या पोराला सोडलं न्हाय, तितं डीन कोण?"

"गंगा, बेडा," सर म्हणाले.

"बेडा का? सांगू दे की." आणि त्यांनी सांगितलं. मुलगा शिवू दिल्लीत डॉक्टर होता, आरोग्याच्याच कामात. लहानपणी सुट्टीत तो सरांच्या सायकलवर पुढं बसून अक्कलकोटकडच्या खेड्यांतनं हिंडायचा. मोठेपणी त्याच गावांवर त्यानं आपला पहिला लेख लिहिला आणि सरांना न सांगता स्वतःच्या नावाखाली वडिलांचं नाव घातलं. छापून आल्यावर दाखवायचं, असा बेत. पण तिथल्या संपादकानं रीतीप्रमाणं सरांची संमती मागवली. सरांनी उलट टपाली कळवलं, यात माझा हात नाही, नाव काढावं.

"काढलं त्यांनी," अक्का म्हणाल्या. "तवापासनं पोरगं दिवाळीला आलं न्हाय. काम हाय म्हनतंय."

सर फडकं पिळत होते. ते कोरडंच होतं. "त्यानं प्रेमानं दिलं होतं हो, माने," ते म्हणाले. "मला कळत होतं ते. पण घ्यायचं कसं, ते कळलं नाही."

मी म्हटलं, "सर, ट्रंक कॉल लावू या का?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. आम्ही तार ऑफिसात गेलो, रविवारी तेवढंच उघडं असायचं. कॉल लागायला बराच उशीर लागला. बाकावर बसून सर ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते. नाव पुकारलं, तसे ते झटकन उठले. तार ऑफिसातला फोन, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजातच बोलावं लागायचं.

"शिवू? मी अप्पा! अरे, सगळे बरे आहेत... हो, आईपण... मी तुझा तो लेख वाचला. हां, तोच. पुन्हा पुन्हा वाचला... चांगला आहे... काय? चांगला आहे म्हणतोय मी, चांगला!" काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. "फक्त दुसऱ्या तक्त्याची बेरीज चुकली आहे!"

मी कपाळाला हात लावला.

पलीकडनं काही आलं असावं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली, आवाज एकदम खाली आला आणि कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, "ऊटा आतेनु?"

तेवढं कन्नड मलाही येत होतं. जेवलास का?

बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "काय म्हणाले?"

"अजून जेवला नाही," सर म्हणाले. "पार संध्याकाळ व्हायला आली, माने. कामात विसरतो म्हणे." घरापर्यंत ते तेच बोलत होते. अक्कांनाही पायातल्या चपला न काढता आधी तेच सांगितलं.

त्याच आठवड्यात मी त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेलो. अक्कांनी कडक भाकरीची चवड धडप्यात बांधून दिली होती आणि शेंगाच्या चटणीचा डबा सरांनी मांडीवरनं खाली ठेवायचं नाकारलं होतं. समोरच्या बाकावरच्या प्रवाशानं चौकशी केली, "दिल्लीला का? काही कॉन्फरन्स वगैरे?"

"नाही," सर म्हणाले. "पोराला जेवायला घालायला चाललोय."