दांडी निळीकडे की तांबडीकडे?

गाडीतलं आपल्याला सगळं कळतं. नम्रपणे सांगतोय! त्यामुळे सासऱ्यांनी जेव्हा जाहीर केलं, "माझी जुनी गाडी एका जावयाला देऊन टाकतो. रविवारी दोघंही या, चक्कर मारू, मग ठरवतो," तेव्हा मी मनातल्या मनात चावी खिशात टाकलीसुद्धा. दुसरे जावई, म्हणजे आमचे साडू, गाडीत बसले की पाचव्या मिनिटाला घोरतात. स्पर्धा कसली!

गाडी माझ्या बायकोहून अकरा वर्षांनी मोठी. खोड एकच. एसीची दांडी निळ्या खुणेकडे सरकवली की गरम हवा यायची. शनिवारी "गाडी धुऊन ठेवतो" असं सासऱ्यांना सांगून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तीन तास! मान कायमची वाकडी व्हायची वेळ आली, पण चोर सापडला. कोण्या अडाण्याने हीटरची तार उलटी जोडली होती! मी ती सुलट केली. आता निळीकडे गार, तांबडीकडे गरम. एक स्क्रू उरला, तो खिशात टाकला. कुणाला काही बोललो नाही. उद्या थेट चमत्कारच दाखवायचा!

रविवारी ऊन मी म्हणत होतं. मी स्टिअरिंगवर, सासरे शेजारी, मागे बायको आणि घोरणारे साडू. ऐटीत दांडी निळीकडे सरकवली. काय गार झुळूक आली! आता सासरे शाबासकी देणार म्हणून मी कान टवकारले. मी जरा आरशात बघितलं, तेवढ्यात तोंडावर भट्टी उघडली! पाहतो तर दांडी तांबडीकडे.

मला तो उरलेला स्क्रू आठवला. दांडी आपोआप सरकतेय! हळूच निळीकडे ढकलली. पुढच्या वळणावर पुन्हा तांबडी. पुन्हा ढकलली. पुन्हा तांबडी!

"अहो, उकडतंय किती!" बायको म्हणाली.

"छे! आत्ता गार होईल," मी.

"होईल, होईल," सासरेही घाम पुसत म्हणाले.

सिग्नलला मी न बघताच हात पुढे केला, तर दांडीवर आधीच एक हात होता. सासऱ्यांचा!

"जावईबापू, सारखी निळीकडे काय ढकलताय? या गाडीत तांबडीकडे गार लागतं!"

"बाबा, कोण्या अडाण्याने तार उलटी जोडली होती. मी काल सुलट केली!"

सासरे लालबुंद झाले. "तो अडाणी मीच! बावीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं!"

त्यांनी रागाने दांडी ओढली. मीही सोडली नाही. कट्! अर्धी त्यांच्या हातात, अर्धी माझ्या. गरम हवा आता कायमची!

तेवढ्यात साडू जागे झाले. त्यांनी एक जांभई दिली, आपल्या बाजूची काच खाली केली आणि पुन्हा झोपले. गाडीभर वारा खेळायला लागला.

घरी पोचताच सासऱ्यांनी चावी साडूंच्या हातावर ठेवली. "गाडीत डोकं चालवणारा एकच माणूस होता," ते म्हणाले, "आणि तोही झोपेत!"

तसा गाडीतला थोडा वाटा माझ्याकडेही आहे म्हणा. तो स्क्रू मी अजून जपून ठेवलाय.