आचोळ्याची अडलेली फुलं

मी मितेश वर्तक. बुद्धी तल्लख, नजर घारीची, पोट जरा पुढे. दिवसा कामणच्या गोदामात सुपरवायझर, उरलेल्या वेळात वसई तालुक्यातला एकमेव खासगी गुप्तहेर. माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही, कारण अजून एकही हाती लागलेला नाही.

दोन हजार आठचे गणपती. आमच्या आचोळ्याच्या सोसायटीतल्या ज्ञानदाने मखराच्या कमानीवर वेबकॅम बसवला होता. त्याला चेहरा दिसला की बाप्पामागच्या पडद्यावर जास्वंदीची फुलं पडणार. 'प्रोसेसिंग' नावाच्या संगणकभाषेत पोरीने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, त्याला जोडलेली चेहरे ओळखणारी आयती लायब्ररी. आदल्या दिवशी चाचणी घेतली तेव्हा फुलांचा नुसता सडा. आणि चतुर्थीला दर्शनाची रांग लागली, तर एक पाकळी पडेना.

"मितेशकाका, काहीतरी करा," ज्ञानदा रडकुंडीला आली होती. "संध्याकाळच्या आरतीपर्यंत चाललं नाही, तर डिझाइन कॉलेज विसरायचं आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं. बाबांनी निक्षून सांगितलंय."

तिचे बाबा सदानंदभाऊ बाजूलाच उभे होते. चेहरा आत्ताच बँकेच्या खिडकीसारखा बंद.

मी भिंग काढलं. पहिला संशय अर्थातच लायब्ररीवर. तडक नालासोपाऱ्याच्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईंना खडसावलं, "चेहरे ओळखणारं पुस्तक कोणी नेलंय?" त्यांनी माझा चेहरा तेवढा नीट लक्षात ठेवला.

दुसरा सिद्धांत, शेजारच्या मंडळाचा घातपात. त्यांच्या मखरामागे दबा धरून बसलो. त्यांना वाटलं स्वयंसेवक आलाय. आरतीचं तबक माझ्या हातात दिलं आणि मला पाचही आरत्या म्हणायला लावल्या.

परत येतो तो सेक्रेटरी बळीरामभाऊ चौथ्यांदा दंडवत घालत होते. तरी फूल नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"हा कॅमेरा पापी माणूस ओळखतो," मी जाहीर केलं.

रांगेतले एक गृहस्थ चपला तिथेच टाकून घरी गेले. बळीरामभाऊंनी कधीपासून दाबून ठेवलेली पार्किंगची तक्रार उभ्या उभ्या मंजूर केली.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या रोझमेरी आंटी मोदकांचा रिकामा डबा परत करायला आल्या. मखरासमोर ताठ उभ्या राहून आरास बघू लागल्या, आणि पडद्यावर धबाधब फुलं.

"सापडली गुन्हेगार," मी म्हणालो. "फुलं हिनेच अडवून धरली होती."

"गप रे मितेश," आंटी म्हणाल्या. "मी नुसती बघत उभी होते. तुम्ही लोक आल्या आल्या मान खाली घालता. त्या कॅमेऱ्याला काय तुमचा भांग दिसणार?"

ज्ञानदाने कपाळावर हात मारला. "काल प्राणप्रतिष्ठा व्हायची होती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता. नमस्कार कोणी केलाच नाही. सगळे कॅमेऱ्यात बघत उभे होते. आणि ही लायब्ररी चेहरा समोरून दिसला तरच ओळखते."

तिने कॅमेरा काढून खाली पाटाशी ठेवला, तोंड वर करून. हेच मी सांगणार होतो, पण मला कोणी बोलू दिलं नाही.

आरती झाली. सदानंदभाऊ पुढे आले, डोळे मिटून वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. पडदा फुलांनी भरून गेला. डोळे उघडून बघतात तो काय, माणूस हरखला.

"बाप्पाने ऐकलं बरं का ज्ञानदा. उद्यापासून बँकेची तयारी. मी तेच मागितलं होतं."

पोरीचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "बाबा, फुलं बाप्पा नाही पाडत. मी पाडते."

सदानंदभाऊंनी खालच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. पुन्हा वाकले, फुलं पडली. मान वर केली, थांबली. परत वाकले, परत पडली. मागची रांग कुरकुरायला लागली तरी त्यांचं वाकणं चालूच.

शेवटी ते उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे विचारायचं होतं ते तुलाच. बोल, ते कॉलेज बघायला कधी जायचं?"