मेंढरं बसवलेल्या रानाची वाजवी किंमत

कोर्टाने मंजूर केलेली किंमत कधीच कमी नसते. कमी असते ती वारसांची समज.

पेडगाव शिवारात कै. दिनकररावांचं पाच एकर काळं रान, डांबरी सडकेला लागून. मृत्युपत्र नाही, भावकीत भांडण; म्हणून मिळकत सांभाळायला कोर्टाने माणिकराव वकिलांना प्रशासक नेमलं. मिळकत सांभाळण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे ती विकणे (विकलेली जमीन कुणी बळकावत नाही). माणिकरावांनी परवानगी मागितली आणि किंमत ठरवायला तज्ज्ञ आणले.

तज्ज्ञ गाडीतून उतरले नाहीत. काच मात्र खाली केली. रानात मेंढरं बसलेली. दिनकररावांची लेक दैवशाला हिने येडबा धनगराला ज्वारी देऊन ती खतासाठी बसवली होती. असे लाड कसदार रानाचेच होतात. तज्ज्ञांनी लिहिलं : 'पडीक, चराऊ.'

विक्रीची नोटीस कायद्याप्रमाणे बांधावरच्या लिंबाला डकवली. खळ पिठाची होती. येडबाच्या शेळीने नोटीस खाल्ली. (अहवाल : 'नोटीस पोहोचली. हरकत नाही.')

रान गेलं एका जुन्या जीपच्या किमतीत. घेणारे आबासाहेब, माणिकरावांचे साडू. बोली लावणाऱ्यांपैकी शंभर टक्के तेच होते.

दैवशालाने विक्रीला आव्हान दिलं. येडबा साक्षीला उभा राहिला.

"रान पडीकच होतं ना?" माणिकरावांनी विचारलं.

"पडीकात लेंड्या टाकायला ज्वारी कोण देतंय, वकीलसायेब? बाईला काय याड लागलंय?"

"नोटीस बघितली होती?"

"म्या न्हाई. शेळीनं बघितली. बाहेर बांधलीय, बोलवू का?"

शेळीची साक्ष झाली नाही. कोर्टाने दैवशालाला रास्त संधी दिली : किंमत कमी वाटते, तर जास्त देणारा एक तरी माणूस आणा. ती पार पोखर्णीपर्यंत फिरली. जो तो म्हणाला, "ताई, रान लय भारी हाय. पण वादातलं हाय. आमी न्हाई पडत."

जास्त देणारा कुणी नाही, म्हणजे किंमत वाजवी. आव्हान फेटाळलं, आणि त्याच क्षणी रान वादातलं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी प्लॉटिंगचा फलक लावला. एका प्लॉटला एका नव्या जीपची किंमत. 'आमी न्हाई पडत' म्हणणारे सगळे पहिल्या रांगेत होते.

वाचून तुम्हालाही संताप आला असेल. पण सडकेला लागून आहे म्हटल्यावर, कोपऱ्याचा प्लॉट शिल्लक आहे का, हेही मनात आलंच.

आहे. दैवशाला अजून त्यावर बसून आहे. तिला उठवण्याचं काम तेवढं घेणाऱ्याकडे.