बायको माहेरी गेली? बिजागर तपासा!

"महिन्याभरात पहिल्या पानावर नाही आलो, तर अण्णा नाव लावणार नाही!"

अण्णांनी ही प्रतिज्ञा भर दुपारी, भरल्या पोटी आणि रिकाम्या घरात केली. रिकाम्या, कारण भावजयीचं मनगट मोडल्यामुळे अण्णांची बायको भावाकडे मदतीला गेली होती. ती असती तर प्रतिज्ञा एवढ्या मोठ्याने झाली नसती!

अण्णा म्हणजे निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर. नोकरी संपली, पण तपासण्याची खोड जाईना. मग त्यांनी 'घरच्या घरी दुरुस्ती' नावाचा ब्लॉग काढला. अडकणारे ड्रॉवर, कुरकुरणारी दारं, हलणारी टेबलं! लेख इतके मुद्देसूद की खाली सही-शिक्का तेवढा राहिलेला असायचा. वाचकांचा आकडा मात्र अण्णांनी स्वतः जितक्या वेळा ब्लॉग उघडला, बरोबर तितकाच भरायचा. सर्चमध्ये ब्लॉग इतक्या मागच्या पानावर होता की तिथे पोचेपर्यंत ड्रॉवर आपोआप सुटला असता.

"जन्मभर लोकांना वर पोचवलं," अण्णा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला म्हणाले, "आणि माझाच ब्लॉग तळमजल्यावर?"

झेरॉक्सवाल्याची स्वतःची वेबसाइट होती, म्हणून या विषयात तो अण्णांचा गुरू. "नवीन लेखाचं शीर्षक काय ठेवलंत?"

"'बिजागरांची नियतकालिक देखभाल'."

त्याने कपाळावर हात मारला. "असं कोण शोधतं, अण्णा? लोक जे शब्द टाइप करतात, तेच तुमच्या लेखात हवेत. शीर्षकात, पहिल्या ओळीत, फोटोखाली. आणि लिंक ओळखीच्या सगळ्यांना पाठवा."

"म्हणजे लोक काय शोधतात, ते आधी आपण शोधायचं?"

"बरोब्बर!"

गुरूला म्हणायचं होतं, बिजागराबद्दल लोक काय शोधतात. शिष्याने 'बिजागराबद्दल' हा भाग रस्त्यातच सांडला.

घरी येऊन अण्णांनी 'दार' टाइप केलं. काही जीव नव्हता त्यात. मग, कोण जाणे का, कदाचित घर फार शांत होतं म्हणून, त्यांनी 'बायको' टाइप केलं. आणि खाली धडाधड ओळी उतरल्या! बायको बोलत नाही. बायको रुसली. बायको माहेरी गेली परत येत नाही काय करावे.

"अरे बाप रे! एवढी मागणी!" अण्णांनी बाह्या सरसावल्या.

तपासणीच्या अहवालात इमारतीचं नाव प्रत्येक पानावर यायलाच हवं, ही अण्णांची जुनी शिस्त. ती इथे कामी आली. 'बायको माहेरी गेली, परत येत नाही? बिजागर तपासा!' हे झालं शीर्षक. पुढे: 'बायको माहेरी गेली, परत येत नाही, अशा वेळी बिजागरात थोडे तेल सोडावे. बायको माहेरी गेली, परत येत नाही, तरी जास्तीचे तेल फडक्याने पुसून घ्यावे.' सोबत स्वयंपाकघराच्या दाराचा फोटो, मागे थंडगार शेगडी. फोटोखाली: 'बायको माहेरी गेली, परत येत नाही. उजवीकडचे दार.'

लिंक झाडून सगळ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना गेली आणि अण्णा समाधानाने आडवे झाले.

फोनने जागं केलं. मोठी बहीण!

"अरे, काय केलंस तिला?"

"कुणाला?"

"वर तोंड करून कुणाला विचारतोस? सोन्यासारखी बाई!"

"ताई, तू लेख वाचलास का?"

"लेख कशाला वाचू? वर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंयस की!"

मग जुन्या साहेबांचा फोन आला. धीर सोडू नका म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या काकू जेवणाचा डबा ठेवून, डोळे टिपत निघून गेल्या. एका वकिलाने लेखाखाली आपला नंबर देऊन ठेवला. आणि दोन-तीन दिवसांत ब्लॉग पहिल्या पानावर! अण्णांनी खुर्चीतच उडी मारली.

लेखाखाली अनोळखी माणसांची रीघ लागली होती. एकाने लिहिलं होतं, 'बिजागर तपासलं. ठीक आहे. पुढे काय?' दुसऱ्याची तक्रार होती, 'आमचं दार सरकतं आहे. आमच्यासाठी काही उपाय?' तिसरा लिहीत होता, 'तेल घातलं. दार आता वाजत नाही. ती आली तर कळायचं नाही, म्हणून उघडंच ठेवलंय.'

दार उघडं ठेवल्यास बिजागरात धूळ बसते, असं उत्तर अण्णा लिहिणार, तोच बायकोचा फोन आला.

"अहो, मी घर सोडून आलेय का?"

आवाज अगदी हळू होता. ओरडणाऱ्या बायकोला अण्णा कधी घाबरले नव्हते. हळू बोलणारी मात्र तुटायला आलेल्या दोरासारखी!

"अगं, ते सर्चसाठी..."

"इथे वहिनीला बघायला आलेली माणसं तिचं मनगट सोडून माझं तोंड बघताहेत! दादा म्हणतोय, चांगला वकील बघू का? मी सांगून सांगून थकले. आता तुमचं शीर्षक खरंच करते. येतच नाही!"

फोन बंद.

अण्णांनी घाईघाईने शीर्षक बदललं, सगळी वाक्यं खोडली. सर्च करून पाहिलं तर बायको अजून माहेरीच! धावत कोपरा गाठला.

"खोडलं तरी दिसतंय हो!"

"दिसणारच. जुनी प्रत थोडे दिवस राहते तिथे," झेरॉक्सवाला म्हणाला. "पण अभिनंदन, अण्णा! पहिलं पान!"

"पान गेलं चुलीत! मला तळघरात न्या!"

ते जमण्यासारखं नव्हतं. अण्णा घरातल्या चपलांनिशीच मेहुण्याकडे निघाले. वाटेत एकच विचार डोक्यात घोळत होता: ही खरंच आली नाही तर? सकाळी उठून कुणाला सांगायचं, की आज काय दुरुस्त करणार आहे?

मेहुण्याने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कशाला आलात? बिजागर तपासायला?"

"चुकलो," अण्णा म्हणाले. "कुणीतरी वाचावं एवढंच वाटत होतं. तुझी अशी शोभा होईल, हे डोक्यातच आलं नाही. घरी चल गं. करमत नाही."

बायकोने घडी मोडली, पुन्हा घातली. "त्या माणसाला उत्तर दिलंत?"

"कुठल्या?"

"दार उघडं टाकून बसलाय तो! मी खालचं सगळं वाचलं. तो बिचारा वाट बघतोय, आणि तुम्ही पानं मोजताय? काढा तो फोन. लिहा!"

अण्णांनी मुकाट्याने फोन काढला. बायको सांगत गेली, अण्णा लिहीत गेले: 'तेल पुरे. तिला फोन करा. आधी माफी मागा, मग बोला. मधेच स्वतःची बाजू मांडू नका.' शेवटचं वाक्य लिहिताना बायको आपल्याकडेच बघतेय, हे अण्णांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. 'बोललो. रविवारी येतेय. तेलाबद्दलही आभार.'

"तेलाबद्दल!" बायको फस्सकन हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. वहिनी आतून म्हणाली, "माझं मनगट मी सांभाळते आता. दोघं जा बरं घरी!" अण्णांना इतकं हलकं वाटलं की बायकोची बॅग त्यांनी मेहुण्याच्या हातून अक्षरशः ओढून घेतली.

घरी पोचल्या पोचल्या ते कॉम्प्युटरला चिकटले. नातेवाइकांना कळायला हवंच होतं. पण या वेळी शब्द आधी तपासून घ्यावेत, म्हणून त्यांनी टाइप केलं, 'बायको परत आली'. खाली तत्परतेने ओळ उतरली:

बायको परत आली काय करावे.

"बघा की!" मागून आवाज आला. अण्णा ताडकन उभे राहिले. "दाबा ना! काय करावं, ते मलाही कळू दे!"

अण्णांनी कॉम्प्युटर बंद केला, घसा खाकरला.

"चहा टाकू?"

"टाका," बायको खुर्चीत टेकत म्हणाली. "न शोधताच सापडलं की!"