बलभीमरावांनी लायसनावर स्वारी केली ती हकीकत

श्री तुळजाभवानी प्रसन्न. बेंबळीच्या पारावरील थोर मंडळींनी आज्ञा केली कीं, बलभीमरावांनी लायसन कैसे सर केले तो मजकूर यथास्थित लिहावा आणि शिकस्त जाहली तीही झाकू नये. त्याप्रमाणे लिहितो. ज्यास उणे-अधिक वाटेल त्याने पारावर येऊन भांडावे.

राजश्री बलभीमराव म्हणजे गावातील वजनदार असामी. लेकाने पुण्याहून स्कुटी पाठविली, परंतु सूनबाई राजेश्वरी, जिजपाशी पक्के लायसन, तिने बजाविले कीं परवान्यावाचून चावी मिळणे नाही. मग राव धाराशिवास आरटीओचे कचेरीत दाखल जाहले आणि संगणकाशी गाठ पडली. संगणकाने सवाल टाकिला कीं, चौकात दोन वाहने एकाच समयी आली तर आधी वाट कोणास? राव विचारात पडले. येणारा वडील कीं धाकटा, व्याही कीं भाऊबंद, याचा खुलासा काहीच नाही, आणि मान जाणिल्यावाचून वाट कैसी द्यावी? ऐसी मसलत चालली असता मुदत सरली. मग पुसिले कीं, इस्पितळापुढे हॉर्न वाजवावा काय? रावांनी बेलाशक वाजवावा म्हणोन बटण दाबिले; आपले माणूस आले हे आजाऱ्यास कळले तरच त्यास धीर येणार. ऐसी उत्तरे देता देता मोठी शिकस्त जाहली.

हे वर्तमान पारावर पोहोचले आणि लिंबाजीराव हसले. हे रावांचे धाकटे चुलतबंधू. बांधावरील एका बाभळीपायी उभयतांचे बोलणे बंद, आणि जीप बाळगोन असल्याने तोरा वेगळाच. तशात रावांचे कुटुंब दगडाबाईसाहेब यांनी चुलीपासून फर्मान सोडिले: “या टायमाला नापास झालात तर नवरात्रात म्या लिंबाजी भावजीच्या जीपमधी तुळजापूरला जाईन. बघतच बसा!” रावांनी हातचा घास ताटात ठेविला. गनिमाचे जीपेत आपले कुटुंब बैसले, मग इभ्रत ती काय राहिली?

मग राजेश्वरीबाईंनी ओसरीवर तालीम मांडिली आणि युक्ती योजिली. “मामा, उजवीकडनं येईल त्यो व्याही समजा. आन् दवाखाना म्हंजी बाळंतिणीची खोली. तिथं कुणी बोंबलतंय व्हय?”

राव उद्गारले, “आसं आधी सांगायचं न्हाय का! कायद्याला सोयरीक लई कळती की.” आणि त्या दिवसापासोन उजवीकडून शेळी आली तरी राव थांबोन तीस आदराने वाट देत.

मग पुनश्च स्वारी केली. संगणकाने कसून हल्ला चढविला, परंतु राव हटले नाहीत आणि शिकाऊ लायसन फत्ते जाहले. स्कुटीस तांबडे ‘एल’ अक्षर लावोन, मागे सूनबाईस घेवोन स्वारी परतली, तो बेंबळीच्या चौकात उजवीकडून कोण यावे? खुद्द लिंबाजीराव, जीपेसहित!

वडिलास पाहोन धाकट्याने थांबावे हा गावचा रिवाज. परंतु उजवीकडून आला तो व्याही. रावांनी ब्रेक दाबिला, मान लवविली आणि हाताने वाट दाविली. “या, तुमी आधी.”

लिंबाजीरावांस घाम फुटला. यात काही दगा आहे ऐसे समजोन तेही थांबले. मागे दुधाचा टेम्पो तटला, एसटी तटली, एकच आकांत जाहला. मग लिंबाजीराव खाली उतरोन जवळ आले. “दादा, तब्येत बरी हाय न्हवं?”

बाभळीच्या तंट्यापासोन हा पहिला शब्द. राव बोलिले, “बरी हाय रं. कायदा हाय त्यो. जा तू आधी.”

“तुमच्या आधी म्या कसा जाऊ, दादा?”

ऐसा आग्रह चालला, तो एसटीचा ड्रायव्हर दोघांच्याही सोयरिकीचा उद्धार करू लागला, तेव्हा चौक मोकळा जाहला.

पुढे राजेश्वरीबाईंनी कलम काढिले कीं, शिकाऊ लायसनावर पक्के लायसन नसलेल्या सासूबाईंस मागे बसविता येत नाही. सबब नवरात्रात दगडाबाईसाहेब लिंबाजीरावांचेच जीपेत बैसोन तुळजापुरास गेल्या, आणि पुढील आसनावर खुद्द बलभीमराव, चौकाचौकात “उजवीकडं बघ रं” ऐसे हुकूम सोडीत. येणेप्रमाणे लायसन सर जाहले आणि भाऊही. बाभळीचा निकाल लागणे आहे. ती कोणाच्या उजवीकडे पडते, यावर उभय पक्षांची मसलत चालू आहे.