ल्हादोनची निळी फुलं

"मिरच्या मागायला गेलास, तेव्हा ल्हादोनच्या हातमागावर काय दिसलं?" यांगझोमने नवऱ्याला उंबऱ्यातच गाठलं.

"काळ्यावर निळी फुलं. छान आहेत," किंगा म्हणाला.

शेवटचे दोन शब्द त्याने गिळले असते तर बरं झालं असतं. त्सेचूच्या मेळ्यात दरवर्षी एकाच बाईच्या किऱ्याची, म्हणजे हाताने विणून अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राची, चर्चा होते, आणि गेल्या वर्षी ती शेजारच्या ल्हादोनच्या किऱ्याची झाली होती. यांगझोमच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं. तिने आपला अर्धा झालेला, पिवळ्यावर लाल चौकटींचा किरा मागावरून उतरवला आणि काळं सूत चढवलं.

"अगं, पिवळा चांगला होता की!"

"तू गप्प बस. निळी फुलं तुलाच छान वाटली ना?"

मेळ्याच्या दिवशी गावची पिकअप घाटाला लागली. ऊन कडक होतं, तरी यांगझोम गळ्यापर्यंत रेनकोट घालून बसली होती. समोर ल्हादोनही तशीच.

"ताई, गरम नाही होत?" ल्हादोनने विचारलं.

"छे! तुला होत असेल तर काढ की."

"मला उलट थंडी वाजतेय."

दोघींच्या कपाळावरून घाम गळत होता. खिंड आली, गेली, पण बटण कोणी सोडलं नाही.

मठाच्या अंगणात मात्र अत्सारा वाटच पाहत होता. लाल मुखवट्याचा तो विदूषक मेळ्यात कोणाचीही खोड काढतो आणि त्याच्यावर रागवायचं नसतं. "पाऊस कुठाय गं सुंदऱ्यांनो?" म्हणत त्याने दोन्ही रेनकोट ओढले.

यांगझोमच्या अंगावर निळी फुलं होती आणि ल्हादोनच्या अंगावर लाल चौकटी. अंगण खदखदून हसलं.

"माझा पिवळा!" यांगझोम किंचाळली.

"माझी निळी फुलं!" ल्हादोन म्हणाली. "तुझा पिवळा खिडकीतून पाहिला आणि मला माझा नकोसा झाला गं."

यांगझोम काही बोलणार, तेवढ्यात हसणं थांबलं. साऱ्या माना फाटकाकडे वळल्या. सरपंचांची सून हिरव्या रेशमी किऱ्यात आत येत होती. किंगाचं तोंड उघडंच राहिलं.

यांगझोमने त्याला कोपर मारलं आणि ल्हादोनजवळ सरकली.

"मशीनवरचा असेल."

"असणारच, ताई," ल्हादोन म्हणाली आणि तिला बसायला जागा करून दिली.